लमाण आणि त्याचे पाच मास्तर

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आत्मचरित्रांचे एक कपाट आहे. ते क्वचितच उघडले जाते, कारण त्यातले काही परीक्षेला येत नाही. मागच्या पावसाळ्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी त्या कपाटापुढे बराच वेळ उभा होता. त्यातून एक जाडजूड पुस्तक काढून तो माझ्याकडे आला. माहूर आणि किनवट यांच्या मधल्या डोंगरपट्टीत जे अनेक तांडे आहेत, त्यांपैकी एका तांड्यावरचा हा मुलगा. पुस्तकाच्या नावावर बोट ठेवून त्याने विचारले, "सर, हे आमच्या लोकांवरचं पुस्तक आहे का?"

पुस्तकाचे नाव होते 'लमाण'. लेखक डॉ. श्रीराम लागू.

त्याच्या प्रश्नात कुतूहल होते तसा थोडा संशयही होता. आमच्या भागात हा शब्द उच्चारण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांपैकी एकीत ओळखीपेक्षा हिणवणेच अधिक असते, हे त्याला जसे ठाऊक होते तसे मलाही होते. मी त्याला सांगितले की हे एका नटाचे आत्मचरित्र आहे. नाटककाराने निर्माण केलेला माल आपल्या पाठीवर लादून तो प्रेक्षकापर्यंत पोचविणारा वाहक, अशा अर्थाने त्या नटाने स्वतःला लमाण म्हटले आहे. मुलगा क्षणभर थांबून म्हणाला, "म्हणजे नट हमालच झाला की, सर!"

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर तयार हवे. माझ्यापाशीही एक तयार उत्तर होते आणि ते मी त्याला दिलेही. परंतु त्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

रेल्वे येण्यापूर्वी या देशाच्या अंतर्भागात मीठ आणि धान्य फिरले ते लमाणांच्या बैलांवर. लवण म्हणजे मीठ, त्यावरून 'लमाण' शब्द आला अशी एक व्युत्पत्तीही सांगितली जाते. मोगलांच्या आणि मराठ्यांच्या फौजांना दाणागोटा पुरविणारे तांडे इतिहासात नोंदलेले आहेत. पुढे पक्के रस्ते झाले, आगगाड्या आल्या आणि हा सारा व्यापार बसला. त्या काळच्या लमाणाने मिठाचा एक खडाही निर्माण केला नाही. परंतु समुद्रकाठी मातीमोल असलेले मीठ पैनगंगेच्या काठी मोलाचे झाले, ते केवळ त्याने वाहून आणले म्हणून. वाहतुकीने वस्तूला स्थानाचे मूल्य येते हे आम्ही पहिल्या वर्षालाच शिकवितो. माझे तयार उत्तर ते हेच.

नटाच्या बाबतीत मात्र आमच्या शास्त्राचे आद्यपुरुष फारसे उदार नाहीत. ॲडम स्मिथने 1776 च्या आपल्या महाग्रंथात नटांची गणना अनुत्पादक श्रम करणाऱ्यांत केली. त्याचे कारण असे, की नटाचे काम ज्या क्षणी होते त्याच क्षणी नाहीसे होते आणि मागे विकण्याजोगी वस्तू काही उरत नाही. गंमत अशी की त्याच यादीत त्याने वैद्यांनाही बसविले आहे. अर्थात डॉक्टरकी सोडून रंगभूमीवर आलेला लागूंसारखा माणूस स्मिथच्या हिशेबाने एका अनुत्पादक धंद्यातून दुसऱ्यात गेला, एवढेच! (विद्याव्यासंगी मंडळीही त्याच यादीत आहेत, तेव्हा प्राध्यापकांनी हसण्याचे कारण नाही.)

श्रीराम लागूंचा जन्म 16 नोव्हेंबर 1927 रोजी साताऱ्याचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिक्षण, पुढे कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण, पुण्यात व्यवसाय आणि मग काही वर्षे थेट आफ्रिकेत, टांझानियात नोकरी. या साऱ्याच्या कडेने नाटक चालूच होते. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे पुण्याच्या 'पीडीए'मध्ये, लागू घडले. 1969 साली, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी डॉक्टरकी बाजूला ठेवली आणि वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी 23 डिसेंबरला, गोवा हिंदू असोसिएशनच्या रंगमंचावर, वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला आणि अप्पासाहेब बेलवलकर हे नाव घराघरांत गेले. त्याच 1970 साली त्यांनी तेंडुलकरांचे 'गिधाडे' दिग्दर्शित केले, हे विसरता येत नाही. एका हाताला करुण भव्यतेचे नाटक आणि दुसऱ्या हाताला मराठी मध्यमवर्गाला घाम फोडणारे नाटक असा हा एकाच वर्षाचा जमाखर्च आहे.

अष्टपैलू नट असे आपण सहज म्हणतो. त्यातून आपल्या मनात येते ते असे की मिशा बदलल्या, आवाज बदलला, चाल बदलली, काल राजा होता तो आज रंक झाला. या कसोटीला लावले तर लागू अष्टपैलू नव्हतेच. त्यांचा चेहरा ओळखू येत नाही अशी भूमिका मला आठवत नाही. तो खर्जातला, किंचित खरखरीत आवाज हजारांत ओळखावा असाच राहिला. मग त्यांचे वैविध्य कशात होते? या प्रश्नाकडे मी माझ्या धंद्याच्या खिडकीतून पाहिले, तेव्हा मला ते एका अनपेक्षित ठिकाणी सापडले. या माणसाने कितीतरी वेळा मास्तर रंगविला आहे आणि त्यातले कोणतेही दोन मास्तर एकमेकांसारखे नाहीत.

पहिला मास्तर मी पाहिला तो माहूरलाच. दत्तजयंतीच्या यात्रेत तंबूतली टॉकीज येत असे. जमिनीवर अंथरलेल्या पोत्यावर बसून, कडाक्याच्या थंडीत, वडिलांच्या घोंगडीत शिरून मी 'पिंजरा' पाहिला. व्ही. शांतारामांचा हा 1972 चा चित्रपट. गावाला सदाचार शिकविणारा गुरुजी तमाशातल्या बाईच्या नादी लागतो. दुसऱ्याच्या प्रेतावर स्वतःचे मरण लादून जिवंत राहतो, फडावर पडेल ते काम करतो आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जातो. गावातला गुरुजींचा पुतळा मात्र शाबूत राहतो. कथेची मुळे एका जर्मन कादंबरीत आणि 1930 च्या 'द ब्ल्यू एंजल' या चित्रपटात आहेत, परंतु माहूरच्या तंबूत हे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माझ्या शेजारी आमच्या शाळेतलेच एक गुरुजी बसले होते. मध्यंतरानंतर ते पडद्याकडे न पाहता समोरच्या जमिनीकडे पाहत होते, एवढे मला स्पष्ट आठवते. लागूंनी त्या पतनात कुठेही भडकपणा आणला नाही. त्या गुरुजीची पाठ हळूहळू वाकत जाते आणि डोळ्यांतली अधिकाराची धार आधी जाते, लाज मात्र शेवटपर्यंत जात नाही. तंबूतल्या पांढऱ्या कापडावरही ते दिसत होते.

दुसरा मास्तर 'सामना'तला. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, रामदास फुटाणे यांची निर्मिती. 1974 चा हा चित्रपट दुसऱ्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात गेला. सहकारी साखर कारखानदारीने पश्चिम महाराष्ट्रात निर्माण केलेली सत्ता म्हणजे काय, हे मी वर्गात आकडेवारीने शिकवितो. ज्याला ते एका बैठकीत समजून घ्यायचे असेल त्याने हिंदुराव धोंडे-पाटलांच्या वाड्यावरचे प्रसंग पाहावेत. निळू फुले यांचा तो हिंदुराव. पुण्यात माळीकाम केलेला, सेवादलात वाढलेला आणि वगनाट्यातून वर आलेला हा दुसरा थोर नट समोर उभा असता लागूंनी काय केले? त्यांनी आवाज चढविला नाही. दारूने खचलेला, फाटका, कधीकाळी स्वातंत्र्यलढ्यात असलेला हा मास्तर एकच प्रश्न विचारीत राहतो, की मारुती कांबळे या माणसाचे पुढे काय झाले. तो प्रश्न तो कधी गमतीने, कधी झिंगेत, कधी जणू चुकून विचारतो. हिंदुरावापाशी कारखाना आहे, पतपेढी आहे, माणसे आहेत. मास्तरापाशी फक्त प्रश्न आहे आणि तो परत घेण्याइतके शहाणपण त्याच्यात उरलेले नाही. 'पिंजरा'तला गुरुजी प्रतिष्ठा गमावून संपतो, हा मास्तर मात्र ती गमावल्यावरच बोलू लागतो. दोन वर्षांच्या अंतराने एकाच नटाने, जवळजवळ त्याच चेहऱ्याने, शिक्षकाच्या अधःपाताचे असे दोन परस्परविरोधी अर्थ सांगावेत, याला मी अष्टपैलुत्व म्हणतो.

उरलेले तिघे थोडक्यात सांगतो. कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली'तले (1972) प्राध्यापक नानासाहेब भानू ही व्यक्तिरेखा महर्षी कर्व्यांच्या जीवनावरून सुचलेली. जगाचे भले करताना घर उन्हात टाकणारा हा मास्तर. गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'तला (1974) प्राध्यापक आपल्या डाव्या विचारांबद्दल विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे बसतो. हे नाटक लागूंनी स्वतः दिग्दर्शितही केले आणि ज्यांनी कधी चौकशीचा कागद हाती घेतला आहे अशा प्राध्यापकांना ते वाचतानाही अस्वस्थ करते. आणि मृणाल सेन यांच्या 'एक दिन अचानक' (1989) या हिंदी चित्रपटातला प्राध्यापक एका पावसाळी संध्याकाळी घराबाहेर पडतो आणि परत येतच नाही. चित्रपटभर घरचे लोक त्याच्याविषयी बोलत राहतात. थोडा वेळ दिसून उरलेला वेळ नसण्याने व्यापायचा, हे काम ज्याला आपली छबी पडद्यावर सतत हवी असते त्याला जमणारे नाही.

आता लमाणाकडे परत येतो. वाहकाचा प्रामाणिकपणा कशात? मालात भेसळ न करण्यात आणि तो आपलाच आहे असे न भासविण्यात. लागूंची भाषणे, मुलाखती, लेखन यांतून जी शिस्त दिसते ती हीच आहे. वाक्याचा अर्थ आधी कळला पाहिजे, मग आवाज. टाळीसाठी थांबायचे नाही. बेलवलकर गर्जतो आणि 'सामना'तला मास्तर पुटपुटतो, कारण तेंडुलकरांचा माल वेगळा आणि शिरवाडकरांचा वेगळा. 'सिंहासन'मध्ये (1979) हाच माणूस मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवून बसलेला अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे होतो. 'घरौंदा'त (1977) मुंबईत घर मिळू न शकणाऱ्या तरुण जोडप्याच्या मधे येणारा श्रीमंत, वयस्क मालक होतो. त्या मालकाला खलनायक करणे सोपे होते. लागूंनी त्याला एकटा माणूस केले आणि त्या भूमिकेला फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला. ॲटनबरोंच्या 'गांधी'त (1982) ते गोपाळ कृष्ण गोखले झाले. आम्हा अर्थशास्त्रवाल्यांना गोखले हे अंदाजपत्रकावरच्या भाषणांमुळे जवळचे, म्हणून त्या छोट्या भूमिकेवर माझे जरा अधिक प्रेम आहे.

परंतु या साऱ्याचा खर्च कोणी केला? अमेरिकेत बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यातले मर्म साधे आहे. कारखान्यात यंत्रे सुधारतात, एका मजुराच्या हातून पूर्वीपेक्षा अधिक माल निघतो आणि म्हणून त्याची मजुरी वाढविता येते. नाटकाला मात्र 1970 साली जेवढे नट आणि जेवढे तास लागत तेवढेच आजही लागतात. नटांचे मानधन, गाडीभाडे, नाट्यगृहाचे भाडे हे सारे बाहेरच्या बाजाराबरोबर वाढत जाते. तेव्हा तिकीट महाग करा, नाहीतर तूट कोणीतरी भरा, याखेरीज मार्ग नाही. मराठी रंगभूमीची तूट दीर्घकाळ कोणी भरली असेल तर ती दिवसा बँकेत, कचेरीत, शाळेत राबून संध्याकाळी तालमीला जाणाऱ्या माणसांनी. लागूंच्या बाबतीत ती आधी डॉक्टरकीने भरली आणि नंतर हिंदी चित्रपटांनी. 'हेराफेरी', 'मुकद्दर का सिकंदर', 'लावारिस' असे कितीतरी. त्यांतले पुष्कळसे काम पोटासाठी केले, हे त्यांनी कधी लपविले नाही. रसिक मंडळी यावर नाक मुरडतात. मला त्यात कमीपणा दिसत नाही. त्या पैशाने एक चांगला नट प्रायोगिक नाटकासाठी मोकळा राहिला, एवढे हिशेबवहीत दिसले तरी पुरे.

या हिशेबात एक जागा मात्र मला बोचते. मला प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी नुसता वाचक नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात त्याने एकांकिकेत काम केले आहे आणि पदवीनंतर नाट्यशिक्षण घ्यावे असे त्याच्या मनात आहे. त्याचे वडील ऊसतोडीला जातात. मुलाने तलाठ्याची परीक्षा द्यावी अशी त्यांची इच्छा, आणि "सर, तुम्हीच त्याला समजवा" असे ते मला दोनदा सांगून गेले आहेत. लागूंनी बेचाळिशीत व्यवसाय सोडला ही गोष्ट आपण भाषणांतून सांगतो आणि टाळ्या घेतो. पण सोडण्यासाठी आधी हातात काही असावे लागते. त्यागालाही भांडवल लागते. ज्याच्या घरी अजून पहिला पगारच आलेला नाही त्याला ही गोष्ट सांगताना माझी जीभ अडखळते.

दुसरी अडचण अशी की तो जे करू पाहतो ते त्याने पुरेसे पाहिलेले नाही. माहूरहून नांदेड शंभरावर किलोमीटर. तेथे राज्य नाट्यस्पर्धेचे केंद्र आहे, प्रेक्षागृहे आहेत, परंतु रात्रीच्या प्रयोगाला जाऊन परतायला गाडी नाही. मी स्वतः लागूंना प्रत्यक्ष रंगमंचावर पाहिले ते एकदाच, पदव्युत्तर शिक्षणाच्या दिवसांत, 'मित्र' नाटकात. पक्षाघात झालेल्या हट्टी वृद्धाची भूमिका होती आणि लागूंची स्वतःची पंच्याहत्तरी झालेली. शेवटच्या रांगेत बसूनही त्यांचा एकेक शब्द ऐकू आला. ते ऐकले आणि नाहीसे झाले, हे स्मिथचे म्हणणे खरेच आहे. बेलवलकरांचे पुढे दत्ता भटांनी आणि इतरांनी सोने केले, 2016 मध्ये नाना पाटेकरांनी तो पडद्यावर आणला. 1970 च्या डिसेंबरातला तो पहिला प्रयोग मात्र आता कोणालाच परत मिळणार नाही. माहूरला पोचला तो तंबूतला 'पिंजरा'. आमच्या वाट्याला जे आले ते पडद्यावरून आले, आणि लागू पडद्यावर आले नसते तर तेही आले नसते.

लागूंचे नाव माहूरात काढले की आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. देव ही कल्पना आता निवृत्त करावी असे ते जाहीरपणे म्हणत. हे गाव रेणुकामातेचे, साडेतीन पीठांपैकी एक. देवीच्या प्रसादाचा तांबूल कुटून माझ्या वडिलांनी आमचे घर चालविले, माझी फी भरली ती त्याच पैशातून. तेव्हा देवाला निवृत्त करण्याचा ठराव मी मांडू शकत नाही आणि मनातूनही मला तो पटत नाही. परंतु नास्तिकाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, ही सवय नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी मराठवाड्याला लावली आहे. लागू नुसते बोलून थांबले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर विवेकाच्या प्रश्नावर त्यांनी गावोगावी लोकांशी जाहीर वाद-संवाद केले. सामाजिक काम पूर्णवेळ करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा थोडेसे मानधन मिळावे म्हणून 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभा राहिला, त्यासाठी लागू, निळू फुले आणि इतर नामवंत कलावंतांनी आचार्य अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून पैसा जमविला. एका खळाळत्या विनोदी नाटकातून चळवळीच्या माणसांची चूल पेटविण्याची ही योजना कोणा अर्थतज्ज्ञाला सुचली नाही, नटांच्या हातून ती पार पडली. दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. लागू 17 डिसेंबर 2019 रोजी पुण्यातच गेले.

तो विद्यार्थी दिवाळीच्या सुटीआधी पुस्तक परत करायला आला. पूर्ण वाचले होते, कोपरे थोडे दुमडले होते. हमालाचा विषय त्यानेच काढला. त्याने आजोबांना विचारले होते म्हणे. आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेले सांगितले, की बैल कधी रिकामे परतत नसत. मीठ उतरविले की त्याच पाठीवर धान्य भरायचे आणि मगच माघारी फिरायचे.

"मग सर," तो म्हणाला, "नाटक संपल्यावर हे लोक आपल्याकडून काय घेऊन जात असतील?"

मी त्याला 'मित्र'च्या त्या प्रयोगाविषयी सांगू लागलो. पडदा पडल्यावर सभागृहात काही क्षण कोणीच उठले नव्हते, टाळ्याही नव्हत्या, आणि विंगेत उभ्या असलेल्या त्या वृद्ध नटाला ती शांतता ऐकू गेली असेलच. एवढे सांगेपर्यंत किनवटच्या गाडीची वेळ झाली. त्याने पुस्तक आणखी पंधरा दिवसांसाठी नोंदवून घेतले. उसाच्या फडावर निघण्याआधी वडिलांना त्यातले थोडे वाचून दाखवायचे आहे, म्हणाला.